इंग्रजीतील वेदनेचे शब्द आणि आपला केसपेपर

आपल्यापैकी बहुतेकांचे वैद्यकीय शिक्षण इंग्रजीत झाले. आपल्याकडे येणारा रुग्ण मात्र इंग्रजीत दुखत नाही. इंदूरसारख्या गावी तो मराठीत, हिंदीत, माळवीत, क्वचित गुजराती किंवा सिंधीत दुखतो. तो सांगतो ते ऐकून आपण ठरलेल्या तीन-चार इंग्रजी शब्दांपैकी एक केसपेपरवर लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. रुग्णाच्या तोंडचा ठणका, कळ, चमक, सणक, मुरडा हे सारे कागदावर उतरेपर्यंत ‘पेन’ झालेले असतात. गंमत अशी की, ज्या भाषेत आपण ही काटकसर करतो ती भाषा वेदनेच्या बाबतीत मुळीच दरिद्री नाही. तिच्यात दुखण्याचे, सोसण्याचे आणि तळमळण्याचे इतके शब्द आहेत, आणि त्यांतील प्रत्येकामागे इतका इतिहास आहे, की त्यांच्याकडे एकदा निवांतपणे पाहावे असे बरेच दिवस मनात होते. मी भाषाशास्त्रज्ञ नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि माझ्या रुग्णांपैकी निम्म्यांना कोणतीच भाषा येत नाही. कदाचित म्हणूनच या विषयाची ओढ लागली असावी.

प्रारंभ ‘पेन’पासूनच करू. हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘पोएना’ या शब्दात आहे. ‘पोएना’ म्हणजे दंड, शिक्षा. त्याच्याही मागे ग्रीक ‘पोइने’ आहे; कोणाचा खून झाला तर त्याच्या नातलगांना द्यावयाची भरपाई, असा त्याचा अर्थ. ‘पीनल कोड’मधला पीनल, फुटबॉलमधली पेनल्टी आणि न्यायालयात साक्षीला बोलावणारा ‘सबपीना’ हे सगळे ‘पेन’चे सख्खे भाऊबंद होत. वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणात साक्षीसाठी दिवसभर न्यायालयाच्या बाकावर बसलेल्या सहकाऱ्यांना हे नाते निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. इंग्रजीत अजूनही ‘ऑन पेन ऑफ डेथ’ असे म्हणतात, तेथे पेन म्हणजे दुखणे नसून निव्वळ शिक्षा आहे.

म्हणजे इंग्रजी बोलणारा मनुष्य ‘मला पेन होते आहे’ असे म्हणतो तेव्हा, शब्दाच्या मुळाशी जाऊन पाहिले तर, ‘मला शिक्षा होते आहे’ असे म्हणत असतो. याला केवळ भाषेतला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. चार ते सात वर्षांच्या मुलांना आजार ही आपल्या खोडीची शिक्षा आहे असे खरोखर वाटते. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मुलांच्या या समजुतीचे वर्णन केले आहे : वाईट वागले की जगच परस्पर शिक्षा करते, असे त्या वयाचे तर्कशास्त्र असते. आपण मोठी माणसे या तर्कशास्त्राला खतपाणी घालतो. ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ हे वाक्य माझ्या प्रतीक्षाकक्षातून दिवसातून दहा वेळा ऐकू येते. मूल मग पोट दुखत असले तरी सांगत नाही, कारण सांगणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. आणि गंभीर आजारी मुलाची आई जेव्हा ‘आमचं काय चुकलं हो?’ असे विचारते, तेव्हा तीही त्याच ‘पोएना’च्या सावलीत उभी असते.

आपल्याकडे ‘यातना’ हा शब्द असाच आहे. पापाचे फळ म्हणून यमलोकी भोगावयाची ती यातना. परंतु ‘वेदना’ मात्र वेगळ्या कुळातली. ती ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून झाली; ‘वेद’ आणि ‘वेदना’ ही एकाच घरची भावंडे. पाली बौद्ध वाङ्मयात वेदना म्हणजे नुसती जाणीव, आणि ती सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली अशी तीन प्रकारची असू शकते. पुढे सुखाने आपला हिस्सा सोडून दिला आणि वेदना दुःखाच्या वाट्याला राहिली. बाळंतिणीच्या ‘वेणा’ हे त्याच शब्दाचे घरगुती, वापरून झिजलेले रूप. शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहता दंडापेक्षा जाणीव हा अर्थ कितीतरी अधिक अचूक आहे, हे मान्य करावे लागेल. (या एका बाबतीत आपल्या पूर्वजांची पाठ थोपटण्यास माझी हरकत नाही, एरवी मी तो उद्योग टाळतो.)

इंग्रजीतील वेदनावाचक शब्दांची सरळसरळ दोन घराणी पडतात. पहिले घराणे जुन्या, नॉर्मनपूर्व इंग्रजीचे, शेतकऱ्याच्या आणि स्वयंपाकघरातल्या भाषेचे. दुसरे १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून आणि पुढे थेट लॅटिन-ग्रीकमधून आलेले. दरबाराचे, चर्चचे आणि अर्थातच वैद्यांचे. आपल्याकडे ‘दुखणे, कळ, ठणका, सल’ एका बाजूला आणि ‘वेदना, व्यथा, यातना, क्लेश’ दुसऱ्या बाजूला असतात, तसाच हा प्रकार आहे. ठेच लागलेला मनुष्य ‘मला व्यथा होत आहे’ असे म्हणत नाही आणि श्रद्धांजलीच्या भाषणात कोणी ‘आम्हाला फार ठणका लागला’ असे म्हणत नाही.

पहिल्या घराण्यातला वडीलधारा शब्द म्हणजे ‘एक्’. देवनागरीत लिहिला की तो आकड्यासारखा दिसतो, पण हेडेक, टूथेक, इअरेक यांच्या शेपटाला असतो तोच हा. संथ, खोल, टिकून राहणारे दुखणे म्हणजे ‘एक्’. त्याच्या स्पेलिंगमध्ये जो अनावश्यक ‘एच’ आहे त्याची कथा मनोरंजक आहे. जुने लेखन ‘के’ने होत असे, परंतु १७५५ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी हा शब्द ग्रीकमधून आला असावा असे धरले, ग्रीक धर्तीचे लेखन पसंत केले आणि तेच रूढ झाले. व्युत्पत्ती चुकीची होती. शाळकरी मुले आजही तो ‘एच’ घोकतात. या ‘एक्’चे आणखी एक वैशिष्ट्य असे की, तो शरीराच्या ठराविक भागांनाच जोडला जातो. डोके, दात, कान, पोट आणि पाठ यांना तो लागतो. हृदयाला लागतो तो फक्त प्रेमभंगात. छातीला लागत नाही. छातीत इंग्रजी माणसाला ‘पेन’च व्हावे लागते.

‘सोअर’ म्हणजे हुळहुळे, हात लावू न देणारे दुखणे. घसा किंवा सोलवटलेला गुडघा. दिवसातून पन्नास वेळा सहज उच्चारला जाणारा ‘सॉरी’ त्याच्याच पोटचा. मुळात सॉरी म्हणजे ज्याचे मन हुळहुळे झाले आहे असा. ‘स्मार्ट’चा प्रवास तर याहून लांबचा. चुरचुरणे, झोंबणे हा त्याचा आद्य अर्थ. त्यापासून तीक्ष्ण, मग चपळ, मग हुशार, मग टापटीप. मराठीत ‘तिखट’ शब्द मिरचीवरून जिभेवर आणि जिभेवरून बुद्धीवर गेला, त्याच वाटेने. इंदूरचा समावेश स्मार्ट सिटी योजनेत झाला तेव्हा चुरचुरणारे शहर असा अर्थ कोणाच्याही मनात आला नाही, हे आपले सुदैव.

दुसऱ्या घराण्यातील शब्द अधिक भारदस्त आहेत आणि त्यांच्यात चित्रे दडलेली आहेत. ‘ॲगनी’ हा ग्रीक मल्लांच्या झुंजीतून आला. ‘ॲगॉन’ म्हणजे स्पर्धा, आणि ॲगनी म्हणजे त्या झुंजीतील धडपड. पुढे मृत्यूशी चाललेली अखेरची झुंज असा अर्थ झाला. आपण औषधशास्त्रात ज्यांना ॲगोनिस्ट आणि ॲंटॅगोनिस्ट म्हणतो तेही त्याच आखाड्यातले. ‘टॉरमेंट’मध्ये पिळणे आहे, ‘डिस्ट्रेस’मध्ये ओढून ताणणे आहे, ‘ग्रीफ’मध्ये ओझे आहे, आणि ‘एक्सक्रुशिएटिंग’ या शब्दाच्या मध्यभागी चक्क क्रूस उभा आहे. क्रुसावर खिळल्यासारखे, असा त्याचा अर्थ. ‘ट्रॅव्हेल’ म्हणजे प्रसूतीच्या कळा किंवा कष्ट. त्याचे मूळ तीन खुंटांना बांधून छळण्याच्या यंत्राच्या नावात सांगितले जाते, आणि प्रवास या अर्थाचा ‘ट्रॅव्हल’ हे त्याचेच दुसरे रूप. खांडव्याच्या जुन्या मीटरगेज गाडीने उन्हाळ्यात प्रवास केलेल्यांना ही व्युत्पत्ती पटावी.

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने यांतला सर्वांत मोलाचा शब्द मात्र ‘ॲंग्विश’. लॅटिन ‘अंगुस्तिया’ म्हणजे अरुंदपणा, कोंडी. ‘ॲंग्झायटी’ आणि ‘ॲंजायना’ हे त्याच परिवारातले. आवळणे, गळा दाबणे ही त्यांच्यातली समान कल्पना. विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्ससमोर हृदयविकाराच्या या दुखण्याचे वर्णन वाचले आणि १७७२ मध्ये ते छापून आले. त्यांनी नाव निवडले ते ‘ॲंजायना पेक्टोरिस’, म्हणजे छातीची घुसमट. त्यांनी ‘पेन’ हा शब्द नावात घातला नाही. त्यांचा कान तयार होता. आजही ‘छातीत दुखतं का?’ या प्रश्नाला असा रुग्ण पुष्कळदा ‘नाही’ असेच उत्तर देतो. दुखत नाही, आवळल्यासारखे होते, दडपण येते, कोणी पाय ठेवल्यासारखे वाटते. त्याचे ‘नाही’ खरे असते. आपण विचारलेला शब्दच त्याच्या अनुभवाचा नसतो.

इतकी संपदा असूनही १९२६ साली व्हर्जिनिया वूल्फ यांनी आजारपणावरील आपल्या एका निबंधात अशी तक्रार केली की, शोकांतिकांतील थोर नायकांचे विचार पेलणाऱ्या या भाषेला साध्या डोकेदुखीचे वर्णन जमत नाही. त्या स्वतः डोकेदुखीने जन्मभर गांजलेल्या होत्या, त्यामुळे तक्रार हलक्याने घेण्यासारखी नाही. माझ्या मते शब्दांची उणीव नसते. दुखत असताना शब्द आठवत नाहीत, ही खरी अडचण असते. कोशात असलेला शब्द आणि रात्री दोन वाजता कण्हणाऱ्या माणसाच्या जिभेवर असलेला शब्द यांत फार अंतर आहे.

ते अंतर कमी करण्याचा प्रयत्न एका कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने केला. रोनाल्ड मेलझॅक हे नाव आपल्याला पॅट्रिक वॉल यांच्यासमवेत १९६५ मध्ये मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्तामुळे ठाऊक आहे. त्याच्या कितीतरी आधी, अमेरिकेतील ओरेगन येथील वेदना-चिकित्सालयात काम करताना, पाय कापाव्या लागलेल्या एका वृद्धेशी त्यांची गाठ पडली. नसलेल्या पायात तिला दुखत असे आणि ते दुखणे ती विलक्षण नेमक्या शब्दांत सांगत असे. मेलझॅक ते शब्द टिपून ठेवू लागले. पुढे वॉरन टॉर्गरसन यांच्या साहाय्याने त्यांनी वैद्यकीय साहित्यातून आणि रुग्णांकडून १०२ शब्द गोळा करून त्यांचे वर्गीकरण केले आणि १९७१ मध्ये ते प्रसिद्ध केले. १९७५ साली त्यातून ‘मॅगिल पेन क्वेश्चनेअर’ ही प्रश्नावली तयार झाली : ७८ शब्द, २० गट. प्रत्येक गटात शब्द तीव्रतेच्या चढत्या क्रमाने लावलेले. रुग्णाने लागू पडणाऱ्या गटातून एक शब्द निवडायचा.

ही यादी वाचणे हा एक अनुभव आहे. एक गट नाडीसारख्या ठोक्यांचा, थरथरण्यापासून घणाघातापर्यंत. एक टोचण्याचा : सुईने टोचल्यासारखे, गिरमिटाने भोक पाडल्यासारखे, सुरा भोसकल्यासारखे. एक भाजण्याचा : गरम, जळजळीत, पोळणारे, डागणारे. पहिले दहा गट असे शारीरिक संवेदनेचे. नंतरचे पाच भावनेचे : थकवणारे, गुदमरवणारे, धास्ती बसवणारे. याच गटांत एक शब्द ‘पनिशिंग’ असा आहे, म्हणजे आपली ती जुनी ‘पोएना’ येथेही येऊन बसली आहे. सोळावा गट एकंदर मूल्यमापनाचा : त्रासदायक, दुःसह, असह्य. उरलेल्या चार गटांत कोठेच न बसलेले शब्द. मेलझॅक यांचे म्हणणे असे की, वेदनेला तीव्रतेचा केवळ एक आकडा देऊन भागत नाही. तिला जात असते आणि वृत्तीही असते. १९७६ मध्ये त्यांनी व डुबुसाँ यांनी दाखवून दिले की आठ वेगवेगळ्या दुखण्यांचे रुग्ण शब्दांचे वेगवेगळे पुंजके निवडतात. दातदुखीचे शब्द निराळे, संधिवाताचे निराळे. म्हणजे रुग्णाचा शब्द हाही एक निदानाचा पुरावा आहे.

आपल्या मराठीत ही यादी करायला बसलो तर मेलझॅक यांच्या गटांना तोडीस तोड जोड्या सापडतात. गळू पिकत आले की ठसठसते, पिकले की ठणकते. पाठीत उसण भरते, बरगडीत चमक निघते, दाढेतून सणक जाते, डोक्यात तिडीक उठते. पोटात कळ येते आणि जाते, मुरडा पिळतो. टोचणे, बोचणे, खुपणे आणि सलणे ही चार क्रियापदे चार निरनिराळ्या काट्यांची आहेत. टोचतो तो बाहेरून आत शिरताना, सलतो तो आत राहून गेलेला. ‘सल’ हा संस्कृत ‘शल्य’चाच अवतार, आणि शल्य काढतो तो शल्यविशारद. पायांच्या बाबतीत तर भेद निदानापर्यंत नेणारे आहेत. पायाला रग लागणे वेगळे, गोळा येणे वेगळे, पोटऱ्या ओढणे वेगळे. १८२३ मध्ये मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच वैद्याने मुलांच्या पायदुखीला वाढीशी जोडले आणि तेव्हापासून ‘ग्रोइंग पेन्स’ हे नाव चालत आले आहे. वाढीशी तिचा संबंध सिद्ध झालेला नाही, तरी नाव काही सुटत नाही. मूल रात्री उठून दोन्ही पोटऱ्या ‘ओढतात’ म्हणते, चोळून दिले की झोपते आणि सकाळी उड्या मारते, तर चिंता नको. परंतु ‘हाडात दुखतं’ असे म्हणत एकाच जागी बोट ठेवणारे, सकाळीही लंगडणारे, निस्तेज दिसणारे किंवा तापाने कणकणणारे मूल निराळे. त्याचे रक्त त्याच दिवशी तपासले पाहिजे. रक्ताचा कर्करोग कधीकधी असाच पायदुखीच्या वेषात येतो. दोघांच्याही केसपेपरवर ‘लेग पेन’ एवढेच लिहिले, तर पुढच्या डॉक्टरच्या हाती काय लागणार?

आता ‘सफरिंग’. इंग्रजीत ‘पेन अँड सफरिंग’ ही जोडी इतकी रूढ आहे की मोटार अपघातांच्या दाव्यांत भरपाईचा तो एक स्वतंत्र रकानाच असतो, आणि आपल्याकडील न्यायाधिकरणांनीही तो तसाच उचलला आहे. पण ही जोडी जुळ्यांची नव्हे. ‘सफर’ म्हणजे मुळात खाली खांदा देऊन वाहणे, पेलणे. ‘पेशंट’ या शब्दाचाही अर्थ सोसणारा असाच. म्हणून इंग्रजीत रुग्ण आणि धीराचा मनुष्य यांना एकच शब्द पुरतो. मराठीतला ‘सोशीक’ त्याच्या फार जवळ जातो. उलट आपला ‘रुग्ण’ हा ‘रुज्’ म्हणजे मोडणे या धातूपासून झालेला. तो सोसणारा नाही, मोडलेला आहे.

एरिक कॅसल या अमेरिकन वैद्याने १९८२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये या दोन शब्दांतील भेद स्पष्ट केला. शरीराला पेन होते, सफरिंग माणसाला होते. आपण जे कोणी आहोत ते मोडून पडते आहे असे वाटू लागले की सफरिंग सुरू होते. प्रसूतीच्या कळा कमालीच्या तीव्र असूनही त्यांत ते नसू शकते. उलट कर्करोगाचे साधे अंग दुखणेही, ‘आजार परत आला’ या एका शंकेने, असह्य होते. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी याच सुमारास ‘टोटल पेन’ ही संज्ञा रूढ केली. त्या आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. तिन्ही खुर्च्यांवरून त्यांनी तोच रुग्ण पाहिला होता. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशा चारही अंगांनी दुखणाऱ्या माणसासाठी त्यांना एकच शब्द हवा होता.

येथवर जे लिहिले ते सगळे बोलू शकणाऱ्यांविषयी. माझ्या शाखेची कथा येथून पुढे सुरू होते आणि ती फारशी अभिमानास्पद नाही.

आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने १९७९ मध्ये वेदनेची जी व्याख्या केली तिचा आशय असा होता : प्रत्यक्ष किंवा संभाव्य ऊतिहानीशी निगडित असलेला, अथवा तशा हानीच्या भाषेत वर्णन केला जाणारा, अप्रिय संवेदनात्मक व भावनिक अनुभव. सोबतच्या टिपणात असेही म्हटले होते की हा शब्द कसा वापरायचा ते प्रत्येक जण बालपणीच्या दुखापतींतून शिकतो. व्याख्या विचारपूर्वक केलेली होती आणि रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवायला तिने वैद्यांना शिकवले, हे तिचे मोठे ऋण. परंतु वर्णन आणि शिकलेला शब्द यांना तिने असे स्थान दिले की ज्याच्याजवळ शब्द नाहीत तो दाराबाहेरच राहावा.

नवजात अर्भक तर त्या वेळी व्यवहारातही दाराबाहेरच होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य देशांतील नामांकित रुग्णालयांतसुद्धा अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर पुष्कळदा नाममात्र भुलेखाली शस्त्रक्रिया होत असत. स्नायू शिथिल करणारे औषध, थोडा नायट्रस ऑक्साइड आणि बस. समर्थन असे की, बाळाच्या मज्जातंतूंवरील मायेलिनचे आवरण अपुरे असल्याने त्याला वेदना पोहोचत नाही, पोहोचली तरी आठवत नाही, आणि भुलेचा धोका मात्र निश्चित असतो. शेवटच्या मुद्द्यात तथ्य होते. पहिल्यात नव्हते, प्रौढांतही संथ वेदना वाहून नेणारे ‘सी’ तंतू मायेलिनविरहितच असतात, हे प्रत्येक जण पहिल्या वर्षात शिकलेला होता. १९८५ साली अमेरिकेत अशाच एका अपुऱ्या दिवसांच्या बाळावर हृदयाजवळील शस्त्रक्रिया झाली. बाळ काही आठवड्यांनी गेले. त्याला केवळ हालचाल थांबवणारे औषध दिले होते, हे आईला नंतर कळले. तिने आवाज उठवला आणि हा प्रश्न वृत्तपत्रांतून लोकांपुढे आला.

याच काळात ऑक्सफर्ड येथे एक तरुण डॉक्टर अशाच प्रश्नाने अस्वस्थ झाला होता. शस्त्रक्रियेहून परत येणारी बाळे इतकी खालावलेली का दिसतात, हे पाहण्यासाठी तो शस्त्रक्रियागृहात गेला आणि काय चालते ते त्याने पाहिले. या डॉक्टरचे नाव कंवलजीत आनंद. सांगण्यास आनंद वाटतो की ते आपल्या इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाचे स्नातक. तेथून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले. १९८७ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत अपुऱ्या दिवसांची सोळाच बाळे होती. आठांना प्रचलित पद्धतीची भूल, आठांना तिच्या जोडीला फेंटॅनिल. ज्यांना फेंटॅनिल मिळाले नाही त्यांच्या रक्तातील ताणाची संप्रेरके कितीतरी अधिक वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यात जास्त आढळली. बाळ बोलले नाही. त्याच्या रक्ताने साक्ष दिली. त्याच वर्षी हिकी यांच्यासमवेत त्यांनी न्यू इंग्लंड जर्नलमध्ये अर्भकाच्या वेदनेसंबंधीचा सर्व पुरावा एकत्र मांडला, आणि अमेरिकन बालरोग अकादमीने नवजातांनाही भूल दिली पाहिजे असे निवेदन काढले. १९९६ मध्ये आनंद आणि केनेथ क्रेग यांनी थेट व्याख्येवरच आक्षेप घेतला : ज्याला शब्द शिकायला अजून वेळ आहे त्याला दुखत नाही असे म्हणणार काय?

व्याख्या बदलायला २०२० साल उजाडले. नव्या व्याख्येतून ‘वर्णन केला जाणारा’ हा भाग गेला. त्या जागी ऊतिहानीच्या अनुभवाशी ‘साम्य असणारा’ अनुभव असे शब्द आले. जोडीला सहा टिपा आल्या. शाब्दिक वर्णन हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक मार्गांपैकी केवळ एक मार्ग आहे, आणि सांगता न येण्याने वेदना नाकारली जात नाही, असे त्यांपैकी एक टीप सांगते. मधल्या काळात कामाची साधने तयार झालीच होती. १९८३ मध्ये अमेरिकेतील डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी हसऱ्यापासून रडव्यापर्यंत सहा चेहऱ्यांची पट्टी केली. तीनचार वर्षांचे मूलही तिच्यावर बोट ठेवू शकते. त्याहून लहानांसाठी १९९७ ची ‘फ्लॅक’ पद्धत. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटण्याची शक्यता या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण. मिळून दहा. परिचारिका ती एका मिनिटात भरू शकते.

आमच्या पिढीला न भेडसावलेली एक अडचण आता इंदुरात दिसते. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, शाळेत इंग्रजी असे वाढणारे मूल ‘पोट दुखून राहिलंय’ एवढे छान मिश्र मराठीत सांगते, पण ‘कसं दुखतं?’ म्हटले की गप्प होते. आजीजवळ कळ, मुरडा, ठसठस आहेत, आजी पुण्याला. शाळेतल्या इंग्रजीत त्याच्याजवळ ‘पेनिंग’ एवढाच शब्द आहे, आणि तोही अशुद्ध. अशा वेळी आपण शब्द पुरवू नयेत. मूल प्रत्येकाला मान डोलावते. ‘कशासारखं?’ असे विचारून थांबावे. पित्ताच्या खड्यांची कळ एका मुलाने ‘कोणी टॉवेल पिळून राहिलंय’ अशी सांगितली होती. सोनोग्राफीच्या आधीच निम्मे निदान झाले. त्याहून धाकट्यांजवळ ‘बाऊ’ हा एक उत्तम शब्द असतो. दुर्दैवाने मोठी माणसे तोच शब्द उलटा करून ‘उगाच बाऊ करू नकोस’ म्हणून त्यांच्या अंगावर टाकतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीकरणाच्या वेदनेसंबंधी एक निवेदन प्रसिद्ध केले. सुई टोचल्यावर मागे ओढून पाहू नये, अनेक लशी असतील तर सर्वांत झोंबणारी शेवटी द्यावी, तान्ह्याला आईने त्याच वेळी किंवा किंचित आधी अंगावर पाजावे, या सूचना आता आपल्याला परिचित आहेत. त्यातच शब्दांविषयीही एक सूचना आहे, ती कमी वाचली जाते. टोचणाऱ्याने साधे, तटस्थ शब्द वापरावेत; ‘एक क्षणच दुखेल’ यासारखा खोटा दिलासा देऊ नये. आपल्या शहरात या दिलाशाचे ठरलेले रूप आहे : ‘कुछ नहीं, चींटी काटेगी.’ मराठी घरांतही तेच, मुंगीच्या नावाने. मागच्या पावसाळ्यात पाच वर्षांच्या एका मुलीला तिच्या आजोबांनी असेच सांगितले. तिने बाही वर करून दंड पुढे केला, आणि सुई लावण्यापूर्वी मला विचारले, ‘काळी मुंगी की लाल?’

मी म्हटले, ‘लाल.’ तिने मान हलवली आणि आजोबांचा हात घट्ट धरला.